अमरावतीत एकट्यानं: पहिला दिवस परकोटाच्या आत

अमरावतीचं तिकीट काढताना नवख्या माणसाचा पहिला गोंधळ होतो तो स्टेशनाच्या नावावरून. मुंबई-नागपूर मार्गावरच्या बहुतेक गाड्या अमरावतीत येत नाहीत, बडनेऱ्याला थांबून पुढे जातात. बडनेरा अमरावती महापालिकेच्याच हद्दीत आहे, पण मुख्य गावापासून आठ-दहा किलोमीटर लांब. शहराच्या मध्यात जे अमरावती स्टेशन आहे, तिथे रूळ संपतात. यामागचं कारण जुनं आहे. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली ती बडनेऱ्यावरून. अमरावतीच्या कापसाच्या बाजारासाठी पुढे तिथून एक फाटा काढावा लागला. तेव्हा आरक्षण करताना दोन्ही स्टेशनांची नावं टाकून पाहा. मुंबईहून येत असाल तर रात्री सुटून सकाळी थेट गावात आणून सोडणारी अमरावती एक्स्प्रेस सगळ्यात सोयीची. बाकीच्यांनी बडनेऱ्याला उतरायचं आणि ऑटोनं किंवा बसनं गावात यायचं. रिक्षाला इकडे ऑटोच म्हणतात.

मी मूळची सांगलीकडची. सव्वीस वर्षांपूर्वी नोकरीच्या मुलाखतीसाठी एकटी आले तेव्हा हे फाट्याचं प्रकरण मला ठाऊक नव्हतं. दिवेलागणीला बडनेऱ्याला उतरले, बाहेर आले, आणि ज्या गावाचं नाव पत्त्यावर होतं ते गाव कुठेच दिसेना. बॅग पायाशी ठेवून उभी होते. शेजारी लुगड्यातली एक म्हातारी बाई गाठोडं घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "कुठी जाचं हाय वं तुले?" मी कागद पुढे केला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं तो ऑटोवाल्याकडून वाचवून घेतला, मला आपल्याच ऑटोत बसवलं, आणि राजकमल चौकाजवळच्या लॉजच्या पायरीपर्यंत माझ्याबरोबर आली. आत बसलेल्या माणसाला म्हणाली, "पोरगी एकली हाय, नीट ठेवजो." मग आपलं गाठोडं सावरत निघून गेली. तिचं नावही मी विचारलं नाही, याची खंत अजून आहे.

पुढे नोकरी इथेच लागली आणि मी इथलीच झाले. बाहेरगावचे विद्यार्थी, भाचरं, ओळखीपाळखीची मुलं-मुली एकट्यानं फिरायला येतात तेव्हा मी त्यांना जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

ही मंडळी बहुधा यादी घेऊन येतात. अंबादेवी, कौंडण्यपूर, मोझरी, चिखलदरा, मेळघाट, शेगाव, आणि हे सगळं दोन दिवसांत. चौघांच्या टोळक्याला हे कदाचित जमेल, कारण एक दमला की दुसरा पाणी आणतो, तिसरा गाडीची चौकशी करतो. एकट्या माणसाला हे सगळं स्वतःच करायचं असतं. पहिल्याच दिवशी ऐंशी किलोमीटरवरच्या चिखलदऱ्याला जाऊन रात्री अनोळखी गावात थकून परतलं की लॉज कोणत्या बोळात होता तेही आठवत नाही, आणि अशा वेळी मन फार लवकर खट्टू होतं. म्हणून माझा आग्रह असा, की पहिल्या दिवशी शहराचा एकच तुकडा निवडा आणि तो पायी पाहा. अमरावतीत तो तुकडा म्हणजे परकोट, जुन्या तटाच्या आतलं गाव.

हा आग्रह फक्त अमरावतीपुरता नाही. आमच्याकडची बरीच मुलं आता एकट्यानं थायलंड-व्हिएतनामला जाण्याचे बेत करतात, आणि त्याचा मला आनंदच आहे. उत्तर थायलंडमधलं चिआंग माई १२९६ साली वसलेलं. त्याच्या जुन्या गावाभोवती चौकोनी खंदक आहे, तटाचे कोपरे आणि वेशी अजून उभ्या आहेत, आणि तिथे पोचलेला एकटा प्रवासी पहिला दिवस या चौकोनाच्या आतच काढू शकतो. हनोईच्या जुन्या भागात गल्ल्यांना मालावरून नावं पडली आहेत, कुठे रेशमाची गल्ली, कुठे साखरेची. परकोटातल्या सराफ्यातून सक्करसाथेत शिरणाऱ्याला ही पद्धत परकी वाटणार नाही. परदेशी एकटं जायचा विचार असेल आणि मनात धाकधूक असेल, तर आधी एक दिवस अमरावतीत एकट्यानं काढून पाहा. भाषा आपली, पैसा आपला, आणि तरी गाव पूर्ण अनोळखी. आपल्याला एकटं जेवायला संकोच वाटतो का, रस्ता विचारायला जीभ उचलते का, हे सगळं इथे कमी खर्चात कळतं.

ऋतूबद्दल एकच सांगते: ऑक्टोबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मे महिन्यांत अकोला-अमरावतीचा पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, आणि तेव्हा दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कामाशिवाय कोणी दिसत नाही. उन्हाळ्यात यावंच लागलं तर डोक्याला पांढरा दुपट्टा बांधा आणि सकाळी अकराच्या आत फिरणं उरका. नवरात्रात अंबादेवीला इतकी गर्दी असते की एकट्यानं शांतपणे फिरण्याचा हेतूच उरत नाही. ज्याला जत्रा हवी आहे त्यानं मात्र तेव्हाच यावं.

लॉज राजकमल चौक ते जयस्तंभ चौक या पट्ट्यात घ्या. तिथून परकोट पायी गाठता येतो. आधार कार्ड लागतं, त्याची एक छायाप्रत जवळ असू द्या. सामान खोलीत टाका, लॉजचं कार्ड मागून खिशात ठेवा, नसेल तर नाव आणि जवळची खूण कागदावर लिहून घ्या. फोन बंद पडला की हा कागदच कामाला येतो. पैसे फोनवरून सगळीकडे चालतात, तरी शे-दोनशे रुपयांची चिल्लर वेगळी ठेवा. ऑटोवाला आणि देवळाबाहेरची फुलवाली यांच्यासाठी. सुट्या पैशांना इकडे चिल्लरच म्हणतात.

नऊच्या सुमारास निघालात तर दुकानांची फळकुटं नुकती उघडत असतात. जवाहर गेटमधून आत शिरा. जाड काळ्या दगडांची ही वेस भर बाजारात उभी आहे. तिच्याखालून स्कूटर, हातगाड्या, शाळेची पोरं सगळं एकदमच वाहत असतं, त्यामुळे मान वर करून बघायचं तर आधी एका कडेला व्हावं लागतं. या भिंतीचा इतिहास ठाऊक असला की पुढचा सगळा फेरफटका उलगडतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाड निजामाकडे होतं आणि पेंढाऱ्यांच्या टोळ्या गावं लुटत फिरत होत्या. अमरावतीत तेव्हा कापसाचे श्रीमंत व्यापारी आणि सावकार राहत. त्यांच्या रक्षणासाठी निजामाच्या सरकारनं १८०७ साली हा तट बांधायला घेतला. घेर सुमारे साडेतीन किलोमीटर, पाच मोठे दरवाजे आणि चार खिडक्या. खिडकी म्हणजे तटातला लहान दरवाजा, माणूस जाईल पण हत्ती शिरणार नाही एवढा. त्यातल्या एकीचं नाव खुनारी खिडकी. तिच्याजवळ झालेल्या एका मारामारीत सातशे माणसं मारली गेल्याची नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. आज तिच्यातून लोक दूध-भाजी घेऊन जातात.

तेव्हा रेल्वे नव्हती. इथला कापूस बैलांच्या पाठीवरून गंगेकाठच्या मिर्झापूरला जायचा आणि तिथून पुढे कलकत्त्याकडे. १८४२ साली एकट्या एका व्यापाऱ्यानं एक लाख बैलांचं ओझं कलकत्त्याला रवाना केलं, असंही गॅझेटियर सांगतं. हा आकडा डोक्यात ठेवून सक्करसाथेतल्या एखाद्या जुन्या वाड्यासमोर दोन मिनिटं उभं राहा. रस्त्याकडे तोंड केलेली ओसरी, वर लाकडी सज्जा, खांबांवरची नक्षी धुळीनं बुजलेली. खाली आता मोबाइलच्या कव्हरांचं किंवा प्लॅस्टिकच्या बादल्यांचं दुकान असेल. त्या ओसरीवर कधी काळी मिर्झापूरच्या हुंड्यांचे हिशोब झाले असतील. वाडे दर वर्षी कमी होत आहेत, मोडकळीला आलेला वाडा पाडून तिथे चार मजली इमारत उभी राहते. हे बघून मला फार वाईट वाटतं, आणि म्हणूनच सांगते की हे आधी पाहा. चिखलदऱ्याचा डोंगर पुढच्या वर्षीही तिथेच असेल.

आत शिरल्यावर नकाशा खिशात ठेवा. बुधवारा, भाजी बाजार, सक्करसाथ, सराफा, गांधी चौक, अंबागेट ही नावं लक्षात असली की पुरे. हरवलात तरी परकोट लहान आहे, दहा मिनिटं एका दिशेनं चाललं की कोणता तरी दरवाजा लागतो. काही ठिकाणी तटाची भिंत घरांची मागची भिंत झाली आहे. कुठे दोन घरांच्या मधल्या फटीतून काळ्या दगडांची रांग अचानक दिसते, तिला दोरी बांधून धुणं वाळत घातलेलं असतं, आणि दगडांच्या सांध्यांतून पिंपळाचं रोप वर आलेलं असतं. तिथे फोटो काढायचा असेल तर आधी घरातल्या माणसाला विचारा. ते नकार देत नाहीत, उलट कोणत्या कोपऱ्यातून तट चांगला दिसतो ते दाखवायला बाहेर येतात.

आणि इथे बोलणं सुरू होतं. एकट्या माणसाला वऱ्हाडात तीन प्रश्न हमखास विचारले जातात. कुठचे? एकलेच आले का? जेवले का? पुण्या-मुंबईच्या माणसाला पहिले दोन प्रश्न खटकतात, आपल्या खासगी गोष्टीत कोणी डोकावतंय असं वाटतं. तसं मानू नका. गाव सांगा, काम काय करता ते सांगा, अमरावती पाहायला आलो म्हणून सांगा. नुसतं पाहायला कोणी येतं याचं लोकांना आधी नवल वाटतं आणि मग अभिमान. त्यानंतर तुम्हाला रस्ता दाखवायला माणसं आपणहून पुढे होतात.

रस्ता सांगतानाची बोली मात्र कानाला सवयीची करून घ्यावी लागते. "सिधे जा, मंग डाव्या हाताले वया." वया म्हणजे वळा. वऱ्हाडीत ळ चा य होतो, म्हणून काळा तो काया, शाळा ती शाया. मला ते मले, तुला ते तुले. 'का' च्या जागी काऊन. 'येतो आहे' च्या जागी येऊन राह्यलो. बाईमाणसाला 'वं' आणि पुरुषाला 'गा' लावून बोलतात, तो आपलेपणा आहे, उर्मटपणा नाही. भाजी बाजारात मी पहिल्यांदा कोथिंबीर मागितली तेव्हा भाजीवाली म्हणाली, "सांभार पायजे का ताई?" माझ्या डोळ्यांसमोर इडलीबरोबरचं सांबार आलं आणि मी नको म्हणून पुढे गेले. तिनं हाक मारून परत बोलावलं, हिरवीगार जुडी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "हे काय, सांभार!" टोमॅटोला भेद्रं म्हणतात तेही तिनंच शिकवलं. तुम्हीही भाजी घ्यायची नसली तरी या बाजारातून चालत जा. हिवाळ्यात ओल्या तुरीच्या शेंगांचे ढीग असतात, त्यांचे सोललेले दाणे म्हणजे सोले, आणि संत्री तर पावलोपावली. वरूड-मोर्शी हा संत्र्यांचा पट्टा याच जिल्ह्यात आहे. नागपुरी म्हणून देशभर विकल्या जाणाऱ्या संत्र्यांतली बरीचशी इथल्या बागांतली असतात.

अंबागेटाकडून अंबादेवीच्या देवळात या. शेजारीच एकवीरा देवीचं देऊळ आहे. इथली माणसं एकीचं दर्शन घेऊन दुसरीचं चुकवत नाहीत. रुक्मिणी अंबादेवीच्याच दर्शनाला आली होती आणि श्रीकृष्णानं तिला इथूनच नेलं, अशी वऱ्हाडाची श्रद्धा आहे. रुक्मिणीचं माहेर कौंडण्यपूर वर्धा नदीच्या काठी, याच जिल्ह्यात, तिवसा तालुक्यात आहे. त्यामुळे इकडच्या बायका रुक्मिणीबद्दल आपल्याच लेकीबद्दल बोलावं तसं बोलतात. देवळाच्या पायरीवर पाच मिनिटं बसा आणि ते ऐका. याच देवळाची आणखी एक आठवण सगळ्यांनी ठेवायला हवी. १९२७ साली अस्पृश्य मानलेल्या लोकांना इथे प्रवेश मिळावा म्हणून अमरावतीत सत्याग्रह उभा राहिला. डॉ. पंजाबराव देशमुख त्यात पुढे होते आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरही त्यासाठी अमरावतीत आले होते. आज ज्या पायऱ्या आपण सहज चढतो, त्या चढण्याचा हक्क मागावा लागला होता. देवळाबाहेर तसं काही लिहिलेलं नजरेत भरत नाही, म्हणून मी येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगते.

एव्हाना बारा वाजलेले असतील. जेवणाबद्दल माझं मत पक्कं आहे: पहिल्या दिवशी मोठ्या हॉटेलात बसू नका, खानावळ शोधा. खानावळीत एकटा माणूस म्हणजे रोजची गोष्ट. नोकरीवाले, विद्यार्थी, तालुक्याहून कोर्टाच्या तारखेला आलेले शेतकरी, सगळे एकेकटेच असतात आणि एकाच बाकावर बसतात. तिथे कोणी तुमच्याकडे वळून बघत नाही, वाढणारा मात्र बघतो आणि पोळी संपायच्या आत दुसरी टाकतो. ज्वारीची भाकर, ठेचा, वांग्याची भाजी, वरण, आणि नशीब असेल तर पाटोडीचा रस्सा. हिवाळ्यात सोलेभात मिळाला तर तो सोडू नका. वऱ्हाडी तिखट खरोखर तिखट असतं. रस्सा आधी बोटभर चाखून पाहा आणि तिखट सोसत नसेल तर तसं सांगा, कमी तिखटाची भाजी नाही तर दही नक्की येतं. पहिल्याच दिवशी पोट बिघडलं तर एकट्या माणसाचा सगळा प्रवास खोलीत जातो, म्हणून पाणीही बाटलीतलंच प्या.

दुपारी दोन तास खोलीवर जाऊन पडा. हा सल्ला तरुणांना पटत नाही, पण एकट्यानं फिरताना डोकं सतत जागं असतं, रस्ता, पाकीट, फोन, वेळ, सगळ्यावर आपलंच लक्ष. त्याचा शीण पायांच्या शिणापेक्षा जास्त असतो.

ज्यांना झोप येत नाही त्यांनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात जावं. १९१४ साली वैद्य बंधूंनी एका आखाड्यापासून सुरू केलेली ही संस्था. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकानं कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं जगासमोर केली होती. संध्याकाळच्या सुमाराला मैदानावर पोरं-पोरी घाम गाळत असतात. मल्लखांब चाललेला दिसला तर कडेला उभं राहून पाहा. इतिहासाची आवड असणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की १८९७ सालचं काँग्रेसचं अधिवेशन याच गावात भरलं होतं, सी. शंकरन नायर अध्यक्ष होते. आणि टिळकांचे जिवलग सहकारी दादासाहेब खापर्डे इथलेच. खापर्डे बगीचा हे वस्तीचं नाव ऑटोवाल्याच्या तोंडी रोज असतं. कवी सुरेश भट यांचा जन्मही अमरावतीचाच, १९३२ सालचा.

संध्याकाळ छत्री तलावावर किंवा वडाळी तलावावर घालवा. दोन्ही तलाव एकोणिसाव्या शतकात गावाच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले. आता पाणी मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणातून येतं आणि तलावांवर लोक हवा खायला जातात. पलीकडे पोहऱ्याच्या जंगलाच्या टेकड्या दिसतात. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी पोचा आणि अंधार पडायच्या आत परत फिरा, कारण अंधार झाला की त्या बाजूला ऑटो लवकर मिळत नाही. जाताना ज्या ऑटोनं गेलात त्यालाच थांबायला सांगणं बरं. थांबण्याचे किती ते आधीच ठरवा.

परत आल्यावर गिला वडा खा. गिला म्हणजे ओला. हे नाव अमरावतीबाहेर फारसं कोणाला ठाऊक नसतं आणि अमरावतीचा माणूस परगावी गेला की याच्या आठवणीनं हळहळतो. गाडीसमोर उभं राहून तो करताना पाहण्यात अर्धी मजा आहे. कढईतून निघालेला वडा गाडीवाला पाण्यात सोडतो, तो फुगून मऊ झाला की दोन तळव्यांत अलगद दाबून पाणी काढतो, वडा फुटू न देता. मग द्रोणात वडा, त्यावर घट्ट दही, वर तिखट चटणी. चमच्यानं तोडलं की दह्याचा गारवा आधी लागतो आणि तिखट मागून येतं, कानापर्यंत. गाडीभोवती सगळे उभ्यानंच खातात, त्यामुळे एकट्याला टेबल मिळण्या-न मिळण्याचा प्रश्नच येत नाही. शेजारी उभा असलेला माणूस बहुतेक वेळा विचारतोच, "कुठचे?"

आता एकट्या येणाऱ्या मुलींसाठी थोडं. परकोटात दिवसा फिरायला काहीच अडचण नाही, बाजार बायकांनी भरलेला असतो. रस्ता विचारायचा तर दुकानातल्या बाईला किंवा भाजीवालीला विचारा, मावशी म्हणून हाक मारा. ऑटोत बसण्याआधी नंबरप्लेटचा फोटो काढून घरच्यांना पाठवा, आणि तो ऑटोवाल्याच्या देखतच काढा. चांगल्या माणसाला त्याचं वाईट वाटत नाही. रात्री नऊनंतर एकटीनं लांब जाणं मी टाळायला सांगते. भीती घालायची म्हणून नव्हे, पण नवख्या गावात पहिल्या रात्री आपल्याला कुठला रस्ता जागा असतो आणि कुठला सामसूम होतो हे ठाऊक नसतं. दुसऱ्या रात्री ते कळलेलं असतं. मदतीचा नंबर ११२, महिलांसाठी १८१. "एकटीच आहे का?" हे विचारणारा माणूस नकोसा वाटला तर "नाही, नातेवाइकांकडे आले आहे" असं बेधडक सांगा. मी वर खरं उत्तर द्या म्हटलं ते ज्यांच्याशी बोलताना मन निश्चिंत असतं त्यांच्याबद्दल, आणि मन निश्चिंत आहे की नाही हे आपल्यालाच आधी कळतं. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, त्यामुळे दुसऱ्या दिवशीचा प्रवास स्वस्तात होतो.

दुसऱ्या दिवशी मग यादी काढा. गाडगेनगरात गाडगेबाबांची समाधी आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरोग्यांसाठी उभं केलेलं तपोवन गावाच्या कडेलाच आहे. तिथे जाताना प्रेक्षक म्हणून जाऊ नका, माणसांना भेटायला म्हणून जा. नागपूरच्या रस्त्यावर तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी. चिखलदऱ्याला परतवाड्यावरून एसटी जाते, पण तिथे एक मुक्काम ठेवलात तरच अर्थ. मेळघाट हा देशात अगदी सुरुवातीला जाहीर झालेल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक, तो घाईनं पाहण्यासारखा नाही.

मी मात्र दुसऱ्या दिवशी अकोल्याला जायला सांगते. अमरावती आणि अकोला ही दोन गावं एकमेकांशी सारखी तुलना करत असतात, आणि एक पाहिल्याशिवाय दुसरं नीट कळत नाही. रस्त्यानं अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. याच महामार्गावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा डांबरी थर टाकून गिनीज बुकात नोंद झाली. तरी मी रेल्वेच सुचवेन, कारण बडनेरा सोडल्यावर मूर्तिजापूर लागतं. यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी अरुंद रुळांची शकुंतला इथूनच सुटायची. ती आता बंद आहे, पण डब्यात कोणी वयस्क सहप्रवासी असेल तर शकुंतलेचा नुसता विषय काढा, अकोला येईपर्यंत बोलणं पुरतं.

अकोल्यातही तोच नियम पाळा: आधी जुनं शहर. मोर्णा नदी ओलांडून राजराजेश्वराच्या देवळात जा, मग असदगडाचे अवशेष पाहा. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावावरून हा किल्ला. दहीहांडा वेशीवरच्या शिलालेखात १६९७ सालची नोंद आहे, आणि दहीहांडा वेस, अगर वेस ही नावं ऑटोवाला आजही तशीच वापरतो. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी आलात तर गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन रात्रभर चालत आलेल्या कावडी दिसतील, खांद्यावर शेकडो घागरी बांधलेल्या. त्या दिवशी मात्र मुक्कामाची सोय आधीच करून ठेवा. शेतीची आवड असेल तर पंजाबराव देशमुखांच्याच नावाचं कृषी विद्यापीठ इथे आहे, १९६९ साली स्थापन झालेलं. शेगावला जायचं असेल तर तेही इथून रेल्वेनं तासाभराच्या आत.

फक्त अकोल्याला जाणारी सकाळची गाडी बडनेऱ्याहून आहे हे विसरू नका. पहाटे गावातून बडनेऱ्याला जायला ऑटो चौकात उभा असेलच असं नाही. आदल्या रात्री गिला वडा खाऊन लॉजवर परतताना ज्या ऑटोतून आलात त्यालाच वेळ सांगून ठेवा, त्याचा नंबर घ्या, आणि गाडीच्या वेळेच्या तासभर आधीची वेळ द्या.